भिंतींना तोंड फुटताना

भिंतीला कान असतात, असे आपले जुने लोक सांगून गेले. आता भिंतीला तोंडही फुटू लागले आहे. पर्वरी, फोंडा, मडगाव, म्हापसा, कुठेही नवे घर बघायला जा. यजमान मोठ्या कौतुकाने दिवाणखान्याच्या भिंतीवरची पांढरी जाळी दाखवतात आणि म्हणतात, "आतमध्ये स्पीकर आहे!" मग रिमोट दाबला जातो, एखाद्या विमानाचा स्फोट होतो, खिडकीची काच थरथरते आणि आपण "वा!" म्हणतो. चहा येतो. त्या स्फोटानंतर पडद्यावरची माणसे काय बोलली, हे मात्र कोणालाच नीट ऐकू आलेले नसते.

या लेखाचा विषय तेवढाच आहे. होम थिएटर घेऊ नये, असे मला म्हणायचे नाही. भिंतीतले स्पीकर वाईट, असेही नाही. पण आपण ते ज्या कारणासाठी घेतो आणि ज्या निकषांवर निवडतो, ते निकष आपले नाहीत, हे माझे म्हणणे आहे. आपले घर, आपली भिंत, आपला पाऊस, आपले संगीत आणि आपला शेजारी यांचा विचार करून निवड केली तर यादी बरीच वेगळी होते. आणि खर्चही कमी होतो, हे आमच्यासारख्या महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखे आहे.

सुरुवात भिंतीपासूनच करू. भिंतीतला स्पीकर ही मुळात अमेरिकन घराची कल्पना. तिथली घरे बहुतेक लाकडी सांगाड्याची. सोळा सोळा इंचांवर उभे लाकडी वासे, त्यांच्यावर अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा, आणि दोहोंच्या मध्ये साडेतीन इंचांची पोकळी. पत्रा कापायचा, स्पीकर आत सरकवायचा, स्क्रू आवळायचे, अर्ध्या तासात काम संपले. त्या पोकळीच्या मापानेच हे स्पीकर घडवलेले असतात. आपल्या भिंतीत पोकळी कुठली? आपली भिंत चिऱ्याची. जुन्या घरात ती हातभर जाड, मातीत किंवा चुन्यात बांधलेली, आणि छपराचा सगळा भार तिच्याच अंगावर. तिला छिन्नी लावणे म्हणजे आजोबांच्या पाठीच्या कण्यातला मणका काढून तिथे घड्याळ बसवण्यासारखे आहे. चिरा एका जागी फुटला की किती फुटेल याचा भरवसा गवंडीही देत नाही. जुन्या घरात हे करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या इमारतीत भार खांब आणि तुळयांवर असतो, भिंत नुसती भरलेली असते. तिथे गोष्ट थोडी निराळी. तरीही खांबाला आणि तुळईला हात लावायचा नाही, हे गवंड्याला दहादा सांगावे. आणि सदनिकांच्या मधली भिंत चार-साडेचार इंचांचीच असेल तर तिच्यात तीन-चार इंच खोल खड्डा केल्यावर शेजाऱ्याच्या आणि आपल्या मध्ये उरते काय? नुसता गिलावा! तेव्हा भिंत न फोडता तिच्यापुढे चार-पाच इंचांवर लाकडी चौकट उभी करून त्यावर जाड प्लायवूड लावणे आणि स्पीकर त्यात बसवणे, हा शहाणा मार्ग. खोलीची थोडी जागा जाते, पण भिंत शाबूत राहते, तारा आतून नेता येतात आणि उद्या नको वाटले तर चौकट काढून टाकता येते. प्रत्येक स्पीकरच्या मागे बंद पेटी मात्र हवीच. उघड्या पोकळीत बसवलेला स्पीकर कसा वाजेल, हे त्या पोकळीच्या आकारावर ठरते. शिवाय मागचा आवाज थेट पलीकडच्या खोलीत जातो.

इथे भिंतीतल्या स्पीकरची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. ध्वनिमुद्रणाच्या मोठ्या स्टुडिओंत मुख्य स्पीकर भिंतीतच बसवलेले असतात, ते काही हौस म्हणून नव्हे. सुटा स्पीकर भिंतीपासून थोडा पुढे ठेवला की त्याचा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. अंतर दोन फूट असेल तर साधारण १४० हर्ट्‌झच्या आसपास हे दोन्ही आवाज एकमेकांना खातात. पुरुषाच्या बोलण्याचा पाया नेमका त्याच पट्ट्यात असतो. भिंतीच्या पृष्ठभागाशी समतल बसवलेल्या स्पीकरला ही अडचण येत नाही. शिवाय घरात लहान मूल असेल तर बोटे घालायला जागा नाही, वायरींचे जंजाळ नाही, झाडू मारायला सोपे. हे फायदे खरे आहेत. पण एकदा बसवलेला स्पीकर जागचा हलत नाही, हा तोटाही तेवढाच खरा. सुटा स्पीकर वीतभर सरकवला की सुधारतो. भिंतीतला चुकीच्या जागी बसला तर जन्माचा बसला.

म्हणून जागा आधी, जाळीचा रंग नंतर. डावा आणि उजवा स्पीकर आपल्या बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण तीस-तीस अंशांवर. म्हणजे दोघांमधले अंतर जेवढे, तेवढेच आपले त्यांच्यापासूनचे अंतर. बारीक आवाजाचा छोटा शंकू, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर. मागचे दोन स्पीकर बाजूला आणि किंचित मागे. आणि मधला, तो टीव्हीच्या खाली किंवा वर, जितका कानाच्या जवळच्या उंचीवर जाईल तितका बरा. बरेच कंत्राटदार सोय म्हणून सगळेच स्पीकर छतात बसवून देतात. मग पडद्यावरचा माणूस ओठ हलवतो आणि त्याचे बोलणे वरून येते. आकाशवाणी हे नाव आपण नभोवाणीला दिले होते, ते दिवाणखान्यात शब्दशः खरे करण्याची गरज नाही!

या मधल्या स्पीकरबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण सगळा मुद्दा तिथेच येतो. पाच आणि एक अशा रचनेच्या चित्रपटांत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. बाकीचे चार स्पीकर संगीत, पाऊस, गर्दी, गाड्या सांभाळतात. आणि तो 'एक' म्हणजे सबवूफर. दुकानात लोक सबवूफरचा आकार विचारतात, मागच्या स्पीकरचा परिणाम विचारतात, आणि मधला स्पीकर 'सेटमध्ये येतोच' म्हणून घेतात. माझ्या मते पैशांची पहिली मूठ या मधल्यावर सुटली पाहिजे, आणि डावा-उजवा त्याच घराण्यातले हवेत, म्हणजे एकाच मालिकेतले. नाहीतर पडद्यावर चालत जाणाऱ्या माणसाचा आवाज प्रत्येक पावलाला बदलतो.

आपण गोव्याचे लोक आवाजाच्या बाबतीत खरे तर श्रीमंत. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी, ही सगळी या मातीतली माणसे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. आपल्या गावांत जत्रेच्या रात्री देवळापुढच्या मंडपात नाटके झाली, दशावतार झाले, आणि शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोचला पाहिजे ही नटाची पहिली कसोटी मानली गेली. थिएटर या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ हा होता: शब्द पोचणे. घरात थिएटर आणताना तो अर्थ उंबऱ्याबाहेर राहिला आणि आत आला तो नुसता दणका, अशी माझी तक्रार आहे.

आता सबवूफरकडे वळू. माणसाचा कान वीस हर्ट्‌झपासून वीस हजारांपर्यंत ऐकतो, असे ढोबळ मानाने म्हणतात. घरगुती यंत्रणेत साधारण ऐंशी हर्ट्‌झच्या खालचे सगळे काम सबवूफरकडे सोपवण्याची पद्धत आहे. त्याखालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तो ठोकळा कुठेही ठेवता येतो. मग प्रश्न असा की ऐंशीच्या खाली आपल्या संगीतात असते काय? काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्‌झला पडतो. डग्ग्याचा घुमार त्याच्या थोडा वर, शंभराच्या आसपास. पुरुषाचा बोलका आवाज ऐंशी-नव्वदच्या वरच सुरू होतो, स्त्रीचा त्याहून बराच वर. आणि जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांत तळाचे जवळजवळ काहीच नाही. म्हणजे केसरबाईंची जुनी तबकडी लावली तर बारा इंची सबवूफर कोपऱ्यात नुसता बसून राहील. फार तर तबकडीच्या यंत्राची गुरगुर तेवढी मोठी करून ऐकवील.

याचा अर्थ सबवूफर नको असा नाही. भिंतीतले स्पीकर लहान असतात, साडेसहा इंचांचा शंकू फार खाली उतरू शकत नाही. त्याला तळाच्या कामातून मोकळे केले की तो मधला पट्टा अधिक स्वच्छ वाजवतो. तंबोऱ्याचा खर्ज, पखवाज, चवथीच्या आरतीतला घुमट, यांना अंग येते. पण हे अंग आहे, मुख नव्हे. माझी कसोटी साधी आहे: सबवूफर चालू आहे हे तो बंद केल्यावरच कळले पाहिजे. चालू असतानाच तो स्वतःची ओळख करून देत असेल तर त्याचा आवाज जास्त आहे.

घरात वडीलधारी माणसे असतील तर हा मुद्दा आवडीनिवडीचा राहत नाही. वय वाढते तसे कान आधी वरच्या पट्टीतले ऐकणे सोडतात. आपल्या भाषेतली स, श, फ, ट, त ही व्यंजने ओळखू येतात ती त्याच पट्ट्यात, दोन हजार हर्ट्‌झच्या वर. स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात, म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो, पण बोलणे कळत नाही." अशा वेळी घरातले तरुण काय करतात? आवाज वाढवतात. सबवूफरही त्याबरोबर वाढतो, आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. हा कानाचा धर्मच आहे. म्हणजे आजीसाठी आवाज वाढवला आणि आजीलाच कमी कळले! यावर उपाय फुकटात आहे. ॲम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा, सबवूफरची तेवढीच कमी करा, आणि मोठ्या-छोट्या आवाजांतला फरक आटोक्यात ठेवणारी रात्रीची सोय असेल तर ती चालू करा. हजारोंची यंत्रे भिंतीत बसवलेल्या घरांत हे तीन आकडे कोणी बदललेले नसतात. आजी मग हळूच उठून आपल्या खोलीत जाते. तिला चित्रपट आवडला नाही असे आपण समजतो.

दुसरा माणूस शेजारी. तीस हर्ट्‌झच्या आवाजाची एक लहर साडेअकरा मीटर लांब असते. ती सहा-आठ इंचांच्या भिंतीची पर्वा करीत नाही. संवाद भिंतीत अडतात, गाणे अर्धेमुर्धे अडते, पण दणका पलीकडे जातोच. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असा एक ठोकळा आला तेव्हा त्या घरात काय चालले आहे ते आम्हाला कधी कळले नाही. फक्त धप्‌ धप्‌ एवढेच कळायचे, आणि तेही नेमके मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत. कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतल्या यंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वर जाऊ नये, असेही त्यात नमूद आहे. पण गंमत अशी की हे मोजमाप ज्या पद्धतीने होते ती कानाच्या सवयीला धरून खालच्या आवाजाला फार कमी लेखते, ३१.५ हर्ट्‌झला तर जवळजवळ ३९ डेसिबलने कमी. म्हणजे शेजाऱ्याच्या छातीत धडधड होत असताना मीटर निर्दोष दाखला देऊ शकतो. फायलीत सगळे नियमात बसलेले असूनही माणसाचे काम अडलेले असते, हे मी कचेरीत रोज पाहतो. तसलाच हा प्रकार. अशा ठिकाणी नियम पुरत नाही, शेजारधर्म लागतो.

तेव्हा सबवूफर निवडताना काय पाहावे? आमच्या बारा बाय सोळा फुटांच्या हॉलला आठ किंवा दहा इंचांचा पुरेसा. बंद पेटीचा घ्यावा; नळीवाला तेवढ्याच आकारात जास्त दणदणीत वाजतो खरा, पण नळीच्या मर्यादेखाली त्याचा ताबा सुटतो. भिंतीत बसवायचे सबवूफरही मिळतात, ते टाळावेत. भिंतच थरथरू लागते. जमिनीवर ठेवावा, खाली रबराचा जाड थर द्यावा, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला टेकवू नये. कोपऱ्यात ठेवला की तो आपोआप मोठा वाजतो, पण बोजडही होतो. सोळा फूट लांबीच्या खोलीत पस्तीस हर्ट्‌झच्या आसपास आवाज एका जागी साचतो आणि दुसऱ्या जागी नाहीसा होतो. योग्य जागा शोधण्याची जुनी युक्ती अशी: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचे काहीतरी लावा, आणि स्वतः खोलीच्या कडेकडेने रांगत जा. जिथे खर्ज सर्वांत सारखा आणि मोकळा ऐकू येईल, तिथे तो ठोकळा ठेवा. मुले हसतील, हसू द्यावीत. आणि पैसे असतील तर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्यावेत. खोलीभर खर्ज अधिक सारखा पसरतो.

वॉटच्या आकड्यांना भुलू नये. नव्वदच्या दशकात डेकवर 'पीएमपीओ' म्हणून हजारांचे आकडे छापलेले असत, त्याचे आजचे भाऊबंद अजून जिवंत आहेत. शक्ती दुप्पट केली तर आवाज तीनच डेसिबल वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती दहापट लागते. शंभर वॉट आणि दोनशे वॉट यांत किमतीचा फरक असतो, कानाला तो जेमतेम कळतो. कोटेशन मागवून तुलनात्मक तक्ता करणे हा आमच्या नोकरीचा भाग. त्या अनुभवावरून सांगतो, जो रकाना मोजायला सोपा तोच निर्णय करून टाकतो, मग तो महत्त्वाचा असो वा नसो. स्पीकरच्या तक्त्यात वॉटचा रकाना असा आहे. 'संवाद कळतो का?' हा रकाना कोणी घालत नाही.

आपल्या पावसाचा रकानाही नसतो. पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पश्चिमेची भिंत तो सरळ अंगावर घेते. त्या भिंतीत किंवा तिला चिकटून स्पीकर बसवू नये. पुढे चौकट उभारली तरी मागे हवा खेळायला जागा ठेवावी. कागदी शंकू ओल पितो, फोमची कड काही वर्षांत भुगा होते. पॉलिप्रॉपिलीनचा शंकू आणि रबराची कड आपल्या हवेला मानवते. प्लायवूड मरीन दर्जाचे, वाळवीचे औषध लावलेले. तार शुद्ध तांब्याची, दीड ते अडीच चौरस मिलिमीटरची, नळीतून नेलेली, आणि गिलाव्याआधीच घातलेली. जाळीचा पत्रा गंजणारा नसावा, विशेषतः किनाऱ्याजवळच्या घरात.

आणि शेवटी खोली. आपली जुनी घरे आवाजाला नकळत चांगली होती. वर नळ्यांचे किंवा मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर, लाकडी वासे, मध्ये उघडे राजांगण. आवाज साचत नसे, वरून निघून जाई. चवथीला घुमट-आरती रंगायची ती काही केवळ वाजवणाऱ्यांच्या हातांमुळे नव्हे. आजच्या फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत फरशी, वर सपाट स्लॅब, समोर सरकती काच. एकदा टाळी वाजवा आणि ऐका. टाळीमागे पत्र्यासारखी झणझण आली तर कितीही महागडा स्पीकर तिथे भांडखोरच वाजणार. एक जाड सतरंजी, काचेवर भरदार पडदा, आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, एवढ्याने जो फरक पडतो तो स्पीकरची किंमत दुप्पट केल्याने पडत नाही. पुस्तकांचा हा उपयोग तरी मुलांना पटावा!

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, टीव्हीखाली एक साउंडबार ठेवला की झाले. भाड्याच्या घरात किंवा लहान खोलीत माझेही मत तेच. कोणी उलट टोकाला जाऊन छतातही चार स्पीकर हवेत म्हणेल. खोली मोठी आणि खिसा खोल असेल तर जरूर घालावेत, पण समोरचे तीन उत्तम झाल्यावर. शंभर रुपये असतील तर माझी वाटणी अशी: समोरच्या तिघांना पंचेचाळीस, ॲम्प्लिफायरला पंचवीस, सबवूफरला पंधरा, मागच्या दोघांना दहा, आणि पाच सतरंजीला.

दुकानात जाताना आपले ऐकणे आपण घेऊन जावे. एखादे नाट्यगीत, एखादे जुने ख्यालगायन, आणि ज्यात माणसे हळू आवाजात बोलतात असा एखादा मराठी चित्रपट. दुकानदार त्याचे विमान पाडण्याआधी आपले हे लावायला सांगावे, आवाज घरी ठेवतो तेवढाच ठेवून. शक्य असेल तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला सोबत न्यावे आणि खुर्चीत बसवून विचारावे, "काय बोलला तो?" उत्तर बरोबर आले तर तो स्पीकर घ्यावा. मग तो भिंतीत बसवा की टेबलावर, हा प्रश्न सुतारासाठी ठेवला तरी चालेल.